विश्वेश्वरय्यांचे दरवाजे

माझे वडील गवंडी. गाव दौंड तालुक्यात, कॉलेज शिरूरला, मध्ये भीमा. जुन्या स्लॅबच्या दुरुस्तीला गेले की ते आधी हातोडीने ठोकून पाहतात. आवाज टणक आला तर ठीक. बद्द आला की आत काँक्रीट सुटलेले. पाणी शिरून सळईला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट ढकलून देते. गेल्या उन्हाळ्यात एकाला अशा स्लॅबवर नुसता गिलावा हवा होता. वडील नाही म्हणाले. काम गेले. माझी फी भरायची होती. खरे सांगायचे तर मीही आईच्याच बाजूने कुरकुरत होते.

त्याच सुमारास लायब्ररीत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे चरित्र हाती आले. मैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा हा मुलगा. वडील लवकर वारले, तेव्हा शिकवण्या करून शिकला आणि १८८१ साली बंगलोरला बी.ए. झाला. एवढा मोठा इंजिनिअर आधी आपल्यासारखाच बी.ए., हे वाचून मला बरे वाटले! मग शिष्यवृत्तीवर पुण्याचे सायन्स कॉलेज, १८८३ ची परीक्षा, आणि १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी. नाशिक, खानदेश, सक्कर अशी कामे करीत ते पुण्याला आले.

इथे खडकवासल्याचा प्रश्न होता. धरण दगडी, १८७० च्या दशकात बांधलेले. शहराला आणि कालव्याला पाणी अपुरे पडे, पण पावसाळ्यात सांडव्यावरून मात्र ते वाया जाई. सांडवाच उंच केला असता तर पूर आणखी वर चढला असता आणि त्याचा रेटा जुन्या भिंतीवर आला असता. विश्वेश्वरय्यांनी पाहिले, की पुराच्या वेळी पाणी सांडव्यावर सुमारे ८ फूट चढते आणि भिंत तेवढे सोसते. म्हणून त्यांनी तेवढ्याच उंचीचे दरवाजे बसविले. पाणी त्या पातळीला आले की ते माणसाचा हात न लागता उघडत. साल १९०३. साठा वाढला, पण भिंतीने पूर्वी पेलले होते त्याहून अधिक ओझे तिच्यावर टाकले नाही. हे पान मी वडिलांना वाचून दाखविले. त्यांनी ते दोनदा वाचायला लावले.

पुढे ग्वाल्हेरला आणि कृष्णराजसागरलाही असे दरवाजे बसले. १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर त्यांनी हैदराबादसाठी योजना आखली. १९१२ ते १९१८ ते मैसूरचे दिवाण होते. १९५५ साली भारतरत्न मिळाले. हे सगळ्यांना माहीत आहेच.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे मातीचे धरण फुटले आणि तो सगळा लोंढा खडकवासल्यावर आला. इतके ओझे त्या भिंतीच्या हिशेबात कधीच नव्हते. तीही फुटली, पुणे बुडाले. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, वय शंभरीला टेकलेले. एप्रिल १९६२ मध्ये ते बंगलोरला गेले. खडकवासला पुन्हा उभे राहिले; त्याचेच पाणी मुठा कालव्याने आमच्या तालुक्यात येते.