जादूगार मेलिएस आणि बाजाराचा हिशेब

कलावंताच्या दारिद्र्याची कथा बहुधा एकाच साच्यात सांगितली जाते. कलावंत थोर, जग कृतघ्न आणि शेवट करुण. फ्रेंच नट व दिग्दर्शक झॉर्झ मेलिएस यांचे चरित्रही या साच्यात सहज बसते. १९०२ साली पडद्यावर चंद्रावर स्वारी करणारा हा पुरुष उतारवयात पॅरिसच्या एका रेल्वे स्थानकात खेळणी विकत बसला होता, एवढे ऐकले की मन हळहळते आणि विचार तेथेच थांबतो. परंतु या आयुष्याचा जमाखर्च नीट मांडला तर दिसते ते असे की, मेलिएस यांच्या कलेपेक्षा ती ज्या व्यापारावर उभी होती, तो व्यापार आधी कोसळला.

मेलिएस यांचा जन्म ८ डिसेंबर १८६१ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडिलांचा उंची पादत्राणांचा कारखाना होता आणि तीन भावांत झॉर्झ धाकटे. घरच्या धंद्यात त्यांना गोडी नव्हती. लंडनच्या मुक्कामात पाहिलेल्या जादूच्या प्रयोगांनी मात्र त्यांना कायमचे वेड लावले. १८८८ साली कारखान्यातील आपला हिस्सा भावांना विकून त्यांनी पॅरिसमधील रोबेर-उदँ हे जादूच्या प्रयोगांचे नाट्यगृह विकत घेतले. सुरक्षित उत्पन्न सोडून छंदालाच व्यवसाय करण्याचा हा निर्णय पुढच्या सर्व यशाचे आणि अपयशाचेही मूळ ठरला.

२८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला जाहीर खेळ पॅरिसमध्ये झाला, तेव्हा मेलिएस प्रेक्षकांत होते. ते यंत्र विकत घेण्याची त्यांची तयारी होती. ल्युमिएर कुटुंबाने नकार दिला. मेलिएस यांनी लंडनहून रॉबर्ट पॉल यांचे प्रक्षेपणयंत्र आणले आणि त्यात फेरफार करून स्वतःचा कॅमेरा सिद्ध केला. १८९७ साली पॅरिसजवळच्या माँत्रई गावी काचेच्या भिंतींचा आणि काचेच्याच छपराचा स्टुडिओ त्यांनी उभारला. एकदा भर रस्त्यात चित्रण चालू असता कॅमेरा क्षणभर अडला आणि पडद्यावर प्रवासी गाडीच्या जागी एकाएकी शववाहिका अवतरली, अशी हकीकत ते सांगत. ती अक्षरशः खरी असो वा नसो, कॅमेरा थांबवून वस्तू बदलण्याच्या या युक्तीवर त्यांनी एक नवी सृष्टी निर्माण केली. कथा त्यांची, पडदे त्यांच्या कल्पनेतले, दिग्दर्शन त्यांचे आणि प्रमुख भूमिकाही बहुधा त्यांचीच. चंद्रावरील स्वारीच्या चित्रपटातील प्रवाशांचा म्होरक्या, तो दाढीवाला प्राध्यापक, ते स्वतःच होते.

सुमारे चौदा मिनिटांचा हा चित्रपट देशोदेशी गाजला. त्याचा मोठा नफा मात्र इतरांनी मिळविला. अमेरिकेत एडिसन यांच्या कंपनीसह अनेकांनी त्याच्या नकला काढून सर्रास विकल्या. या चोरीला आळा घालण्यासाठी १९०३ साली थोरले बंधू गास्ताँ यांनी न्यूयॉर्कला शाखा उघडली. तेव्हापासून चित्रण दोन कॅमेऱ्यांनी होऊ लागले आणि एक निगेटिव्ह अमेरिकेस रवाना होऊ लागली.

येथे त्या काळच्या व्यापाराची रीत ध्यानी घेतली पाहिजे. मेलिएस चित्रपटाची प्रत एखाद्या वस्तूप्रमाणे कायमची विकत असत. त्यांचे मुख्य ग्राहक म्हणजे जत्रांतून तंबू ठोकणारे फिरते खेळवाले. खेळवाला प्रत विकत घेई, ती झिजेपर्यंत गावोगाव दाखवी आणि पुढे दुसऱ्यास विकी. प्रेक्षक हजार आले काय अथवा लाख आले काय, निर्मात्याच्या पदरी एका विक्रीचीच किंमत पडे. शार्ल पाते यांनी यातील मर्म ओळखले. त्यांच्याजवळ भागभांडवल होते, प्रती मोठ्या प्रमाणावर काढणारे कारखाने होते. १९०७ साली त्यांनी विक्री थांबवून प्रती भाड्याने देण्यास आरंभ केला. मालकी निर्मात्याकडेच राहिली आणि एकच प्रत पुनःपुन्हा उत्पन्न देऊ लागली. १९०९ साली पॅरिस येथे भरलेल्या चित्रपटनिर्मात्यांच्या परिषदेने भाड्याचीच पद्धत मान्य केली. त्या परिषदेचे अध्यक्षस्थान मेलिएस यांच्याकडेच होते, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. कारण या निर्णयाने त्यांचा जत्रेतला ग्राहकच त्यांच्यापासून तुटणार होता.

सगळा दोष व्यापारावर टाकणे मात्र न्यायाचे होणार नाही. प्रेक्षकांची अभिरुची बदलत होती. कॅमेरा रंगमंचासमोर स्थिर ठेवण्याची आपली रीत मेलिएस यांनी सोडली नाही आणि त्यांच्या पऱ्या व राक्षस लोकांना जुने वाटू लागले. १९११ साली त्यांनी पाते कंपनीकडून पैसा घेतला तो घर आणि स्टुडिओ तारण ठेवून. उत्तर ध्रुवावरील त्यांचा भव्य चित्रपट १९१२ साली आला. त्याने भांडवल वसूल झाले नाही. गास्ताँ पॅसिफिकच्या सफरीत मोठा तोटा करून बसले. १९१३ साली पत्नी वारली. पुढच्या वर्षी महायुद्ध पेटले.

युद्धकाळात फ्रेंच सैन्याने त्यांच्या चारशेहून अधिक फिती ताब्यात घेतल्या. त्या वितळवून चांदी काढण्यात आली आणि उरलेल्या सेल्युलॉइडपासून बुटांच्या टाचा तयार झाल्या. चर्मकारीच्या धंद्यातून जो पैसा कलेत आला होता, तो असा पुन्हा पादत्राणांतच विरला! १९२३ साली माँत्रईची मालमत्ता पाते कंपनीकडे गेली, रोबेर-उदँ नाट्यगृह रस्त्यासाठी पाडण्यात आले आणि त्या उद्वेगात मेलिएस यांनी उरलेल्या निगेटिव्ह स्वहस्ते जाळल्या. १९२५ साली त्यांनी आपल्या चित्रपटांतील जुन्या नटी झान दाल्सी यांच्याशी विवाह केला आणि उभयता माँपार्नास स्थानकात खेळणी व मिठाईचे दुकान चालवू लागली. पुढे पत्रकारांनी त्यांना शोधून काढले. १९२९ साली त्यांच्या चित्रपटांचा गौरव-सोहळा झाला आणि १९३१ साली 'लेजियाँ दॉनर' हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. १९३२ पासून ओर्ली येथील चित्रपट व्यावसायिकांच्या वृद्धाश्रमात त्यांना आसरा मिळाला. २१ जानेवारी १९३८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पाचशेहून अधिक चित्रपटांपैकी सुमारे दोनशे आज उपलब्ध आहेत. ते का वाचले, याचे उत्तर विचार करावयास लावणारे आहे. निर्मात्याच्या स्वतःच्या कोठारातील माल वितळला आणि जळाला. वाचल्या त्या प्रामुख्याने बाहेर गेलेल्या प्रती: विकलेल्या, अमेरिकेस धाडलेल्या, काही तर चोरलेल्यादेखील. चंद्रावरील स्वारीची हातांनी रंगविलेली एक प्रत १९९३ साली बार्सिलोना येथे सापडली आणि जीर्णोद्धारानंतर २०११ साली कान महोत्सवात दाखविली गेली. ज्या विक्रीपद्धतीने मेलिएस यांना बुडविले, तिनेच त्यांची कला राखली.

तथापि, असल्या योगायोगावर समाजाने विसंबून राहणे योग्य नव्हे. बाजार आजचे उत्पन्न मोजतो; उद्याच्या पिढीची मागणी त्याच्या वहीत नोंदली जात नाही. म्हणूनच जतनाचे काम संस्थांना करावे लागते. १९३६ साली हेन्री लांग्लुआ आणि झॉर्झ फ्रांझू या तरुणांनी जुन्या फिती गोळा करून ओर्लीच्या आश्रमाच्या आवारातील एका इमारतीत ठेवल्या आणि तिची किल्ली मेलिएस यांच्या हाती दिली. पुढे नामांकित झालेल्या फ्रेंच चित्रपट-संग्रहालयाचा तो आरंभ होता. स्वतःच्या निगेटिव्ह ज्या हातांनी जाळल्या, त्याच हातांवर इतरांच्या फिती राखण्याचा भार आला आणि वृद्ध मेलिएस यांनी तो स्वीकारला. कोणत्याही पदकापेक्षा हा विश्वास मोठा होता.