सावेदादा

मुंबईच्या चौपाटीवर गर्दी जमणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. परंतु १९०१ सालच्या डिसेंबर महिन्यात तेथे जो समुदाय जमला, त्याचे कारण असामान्य होते. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लरचा मान मिळविणारे पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे स्वदेशी परतले होते व त्यांचे जाहीर स्वागत व्हावयाचे होते. त्या प्रसंगी एक गृहस्थ मात्र केवळ पाहावयास आले नव्हते. ते आपल्या यंत्राने तो सोहळा टिपून घेत होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे त्यांचे नाव. लोक त्यांना सावेदादा म्हणत.

सावेदादांचा जन्म १८६८ साली मुंबईस झाला. छायाचित्रे काढणे हा त्यांचा व्यवसाय. गिऱ्हाइकास खुर्चीवर बसवावे, हालू नये म्हणून बजावावे आणि चित्र घ्यावे, असा त्यांचा नित्याचा क्रम होता. पुढे १८९६ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हालती चित्रे दाखविण्यात आली. ती पाहून सावेदादा थक्क झाले. ज्या हालचालीस आपण आजवर मना करीत होतो, तीच येथे पडद्यावर नांदत होती!

त्यांनी विलायतेहून एकवीस गिनी देऊन चलच्चित्रांचा कॅमेरा मागविला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा व कृष्णा न्हावी ह्या मल्लांची कुस्ती त्यांनी चित्रित केली. पट्टी धुण्याची सोय येथे नसल्यामुळे ती बोटीने लंडनला पाठवावी लागली. चित्र उमटले की सारा खर्च पाण्यात गेला, हे कळण्यास कित्येक आठवडे वाट पाहणे भाग होते.

कुस्ती फसली तर मल्लांना पुन्हा उभे करता आले असते. परांजप्यांचे आगमन पुन्हा कसे घडविणार? घटना छायाचित्रकारासाठी थांबत नाही. वृत्तचित्रणाचे हे अवघड काम सावेदादांनी आपणहून पत्करले. चौपाटीवरील त्या स्वागताचे चित्रण भारतातील पहिला वृत्तपट समजले जाते. १९०३ साली दिल्लीस लॉर्ड कर्झन यांनी भरविलेला दरबारही त्यांनी टिपला. आपण काढलेली चित्रे ते गावोगाव तंबूत किंवा उघड्यावर लोकांना दाखवीत.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. त्याच्या चौदा वर्षे आधी मुंबईत ह्या दुसऱ्या हरिश्चंद्राने कॅमेरा हाती घेतला होता! पुढे मात्र त्यांनी चित्रण सोडले आणि मुंबईच्या गेइटी नाटकगृहाची व्यवस्था पाहिली. १९५८ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, ते निवर्तले. परांजप्यांच्या स्वागताची ती पट्टी आज पाहावयास मिळत नाही.