ठगांचा बंदोबस्त करणारे स्लीमनसाहेब

पोलीस ठेवले म्हणजे खून-दरोडे थांबतात काय, हा प्रश्न वरकरणी भाबडा वाटेल. परंतु हिंदुस्थानातील ठगांचा बीमोड ज्यांच्या नावावर जमा आहे, त्या सर विल्यम हेन्री स्लीमन यांचे चरित्र पाहिले असता त्याचे उत्तर तितके सरळ नाही, असे आम्हांस दिसून आले.

स्लीमन यांचा जन्म १७८८ साली इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्यात झाला. १८०९ मध्ये ते कंपनीच्या बंगाल फौजेतून हिंदुस्थानात आले आणि नेपाळच्या युद्धात लढले. पुढे १८२० मध्ये त्यांची नेमणूक सागर-नर्मदा प्रांतात मुलकी कामावर झाली. हा मुलूख १८१८ मध्येच मराठ्यांच्या हातून कंपनीकडे गेला होता.

१८२२ पासून सुमारे दोन वर्षे नरसिंहपूर जिल्हा त्यांच्या ताब्यात होता. आपल्या जिल्ह्यात घडणारी लहानसहान चोरीसुद्धा आपणांस कळते, असा त्यांचा समज होता. पुढे त्यांना कळून चुकले की, त्याच काळात त्यांच्या कचेरीपासून अवघ्या ४०० यार्डांवर, कंदेली गावात, ठगांची एक टोळी राहत होती! न्यायाधीश होता, शिपाई होते, तुरुंगही होता. तरी वाटसरूंच्या गळ्याला रुमालाचा फास बसतच होता.

असे का व्हावे? ठग आपल्या गावी सभ्यपणे राहत आणि खून दूरच्या वाटेवर करीत. प्रेत पुरून टाकीत. त्यामुळे फिर्याद करावयास कोणी उरत नसे. वाटसरूच्या घरच्यांना तो कोठे नाहीसा झाला हेही कळत नसे. शिवाय एका संस्थानात गुन्हा करून दुसऱ्याच्या हद्दीत शिरले की पाठलाग संपे.

१८३० च्या सुमारास फिरंगिया नावाचा प्रसिद्ध ठग स्लीमन यांच्या हाती लागला व माफीचा साक्षीदार झाला. साक्षीदारांनी दाखविलेल्या जागा उकरून प्रेते बाहेर काढणे, एकाची जबानी दुसऱ्याच्या जबानीशी ताडून पाहणे, टोळ्यांच्या वंशावळी लिहून ठेवणे आणि संस्थानांच्या हद्दी ओलांडून माणसे धरणे, ही त्यांची रीत होती. १८३५ मध्ये ते या खात्याचे मुख्य अधिकारी झाले. १८३१ ते १८३७ या काळात ३००० हून अधिक ठगांचा निकाल लागला. त्यांपैकी ४०० हून अधिकांना फाशी झाली. जबलपूर येथे ठगांच्या मुलांना तंबू व गालिचे विणण्याचे शिक्षण मिळू लागले. त्या वाटा खरोखरच पुष्कळ निर्धास्त झाल्या. नुसत्या शिपायाच्या दर्शनाने जे साधले नव्हते, ते माहितीने आणि पकडले जाण्याच्या खात्रीने साधले.

आम्ही वर्गात ही कथा येथवरच सांगत असू. पुढील भाग सांगितला नाही, याची आज रुखरुख वाटते. १८३६ च्या कायद्याने, अमुक एक खून केला असे सिद्ध न होताही, केवळ टोळीत असल्याबद्दल जन्मठेप देता येऊ लागली. स्वतःचा जीव वाचवू पाहणाऱ्या साक्षीदाराच्या शब्दावर किती निरपराध गुंतले असतील, हे कोण सांगणार? ठगीच्या जुन्या वर्णनांत अतिशयोक्ती बरीच आहे, असे आज अनेक इतिहासकार मानतात.

ठगांत हिंदू होते, मुसलमान होते, नाना जातींचे लोक होते. तरीही गुन्हा रक्तातून उतरतो ही समजूत बळावली. स्लीमन १८५६ मध्ये मायदेशी जाताना समुद्रावरच वारले. त्यानंतर १५ वर्षांनी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. जन्मतःच गुन्हेगार ठरलेल्या माणसांना हजेरी द्यावी लागे. मुंबई इलाख्यात सोलापूर येथे अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड ठेवीत. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण त्या जमातींच्या कपाळीचा डाग अद्याप पुरता पुसलेला नाही.

तेव्हा बंदोबस्ताने खून कमी होतात, हे आम्ही मान्य करतो. मात्र तो बंदोबस्त माणसाच्या कृत्यावर नजर ठेवणारा असावा, त्याच्या कुळावर नव्हे. ज्ञातीच्या नावाने एकत्र येणाऱ्या आपण सर्वांनी तर हे विशेषच ध्यानी ठेवावे. आपल्या ज्ञातीचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु दुसऱ्याच्या ज्ञातीवरून त्याची पारख करण्याचा मोह आवरावा, एवढेच स्लीमनसाहेबांच्या चरित्रावरून आम्हांस सुचते.