दत्तक गेलेला भाऊ

धाकट्या सूनबाईंचे होणारे तिसरे मूल थोरल्या जावेच्या ओटीत घालायचे, असे यंदा आमच्या घरी ठरले. दोघींच्या खुषीने ठरले. पण धाकटीच्या आठ वर्षांच्या मुलीला आणि पाच वर्षांच्या मुलाला हे सांगायचे कोणी, या प्रश्नाशी सारे घर गप्प झाले. नातीने दाराआडून ऐकायचे ते ऐकलेच, आणि उद्या आपल्यालाही असेच कोणाला देऊन टाकतील काय, असे येऊन मला विचारले. मी तिला नानासाहेब पेशव्यांचे चरित्र सांगावयास घेतले.

आरंभ धूलकोटापासून केला. बऱ्हाणपूरकडच्या नातलगांमुळे ते नाव तिच्या कानावरचे होते. असीरगडाच्या आसमंतात, या धूलकोटाजवळ, १८१८ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या बाजीरावांची शेवटची छावणी पडली होती. ३ जून रोजी ते सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले आणि सालिना आठ लाखांच्या तनख्यावर गंगाकाठी ब्रह्मावर्तास जाऊन राहिले. राज्य गेलेच होते. लग्ने अनेक झाली तरी मुलगे जगले नाहीत.

कर्जतजवळच्या वेणगावचे माधवराव नारायण भट आपले बिऱ्हाड घेऊन त्यांच्या आश्रयास आले होते. माधवराव व गंगाबाई यांचा १८२४ साली जन्मलेला मुलगा बाजीरावांनी १८२७ मध्ये दत्तक घेतला. तेच धोंडोपंत नानासाहेब. तीन वर्षांच्या मुलाला कोण विचारतो? परंतु आपल्याकडे दत्तविधान चोरून होत नसे. चारचौघांत, होम करून, आईबापांनी स्वहस्ते मूल द्यायचे. घरच्या भावंडांनाही ते दिसे. आजच्या १९५६ च्या कायद्यानेही प्रत्यक्ष देणे-घेणे व्हावेच लागते आणि एकदा दिलेले मूल परत मागता येत नाही. ही शेवटची गोष्ट मी नातीपासून लपविली नाही. सूनबाईंना ते आवडले नाही, पण मुलांना अर्धे सांगितले की उरलेले अर्धे ती भीतीने भरून काढतात.

१८५१ च्या जानेवारीत बाजीराव वारले. खाजगी मालमत्ता नानासाहेबांना मिळाली. तनखा मात्र कंपनी सरकारने बंद केला. अजीमुल्लाखान विलायतेपर्यंत जाऊन आले, उपयोग झाला नाही. शास्त्राने मुलगा ठरलेल्याला सरकारने वारस मानले नाही, एवढे त्यातले नातीला नीट कळले, आणि रागही आला.

पुढे १८५७ चा जून उजाडला, कानपूर पेटले. सतीचौरा घाट आणि बीबीघर येथे जे घडले त्याचा डाग त्या नावाला लागला. तो पुसण्याची मला इच्छा नाही, आणि आठ वर्षांच्या मुलीला तो सांगितलाही नाही. तिला सांगितले ते दुसरेच. त्या धामधुमीत नानासाहेबांच्या पाठीशी कोण होते? बाळाराव आणि बाबाभट, म्हणजे वेणगावच्या भटांकडचे त्यांचे सख्खे भाऊ. कानपूरच्या रक्षणासाठी औंग येथे इंग्रजांशी लढताना बाळारावांच्या खांद्यास जखम झाली. गोत्र बदलले, आडनाव बदलले, तीस वर्षे लोटली, तरी आपला भाऊ कोणता हे त्यांना कोणी नव्याने सांगावे लागले नाही. पराभवानंतर नानासाहेब नेपाळच्या तराईत शिरले व दिसेनासे झाले.

नातीने गोष्टीचा शेवट फारसा मनावर घेतला नाही. गंगाबाईंना तो मुलगा रोज दिसत असे काय, हे तिने विचारले. एकाच गावात होते, मग दिसत असणारच, असे मी म्हणालो. मग भाऊ झाला तर भाऊबीजेला कोणी कोणाकडे जायचे, हा प्रश्न निघाला. तो मी थोरल्या सूनबाईंकडे पाठविला. त्यांनी हातातले काम टाकून तिला मांडीवर घेतले, आणि पहिल्या वर्षी आपणच बाळाला घेऊन येऊ, असे कबूल केले.

धाकटा अजून काही विचारीत नाही. बाळंतपणाला दोन महिने आहेत. त्याला त्याची आईच सांगणार आहे.