फिलिप हेन्री गॉस

फिलिप हेन्री गॉस (जन्म : ६ एप्रिल १८१०, वुस्टर, इंग्लंड, मृत्यू : २३ ऑगस्ट १८८८, सेंट मेरीचर्च, टॉर्की, इंग्लंड) हे इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ, चित्रकार व लेखक होते. समुद्रपुष्पे, दगडी प्रवाळ आणि इतर सागरी जीव घरातील काचेच्या टाकीत जिवंत ठेवण्याची पद्धत त्यांनी सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचविली. अशा टाकीसाठी ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ होण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्या लेखनास दिले जाते. सागरी मत्स्यालयाच्या इतिहासात त्यांचे स्थान मोठे असले, तरी त्यांनी लोकप्रिय केलेल्या छंदामुळेच इंग्लंडच्या किनाऱ्यावरील जीवसृष्टीची हानी झाली, हाही त्यांच्या चरित्राचा अविभाज्य भाग आहे.

बालपण आणि भ्रमंती

गॉस यांचे वडील थॉमस गॉस हे गावोगाव फिरून लघुचित्रे रंगविणारे चित्रकार होते. फिलिप यांचे बालपण डॉर्सेट परगण्यातील पूल या बंदराच्या गावी गेले. किनाऱ्यावर सापडणारी समुद्रपुष्पे समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवून न्याहाळण्याची गोडी त्यांना त्यांच्या आत्या सुसान बेल यांनी लावली. प्राणिशास्त्रज्ञ थॉमस बेल हे या आत्यांचे पुत्र होत.

घरच्या हलाखीमुळे गॉस यांनी १८२७ साली न्यूफाउंडलंडमधील कार्बोनियर येथे एका व्यापारी पेढीत कारकुनी पत्करली. तेथे त्यांनी स्वतःच्या बळावर कीटकशास्त्राचा अभ्यास केला. १८३५ साली कॅनडातील कॉम्प्टन येथे त्यांनी शेती करून पाहिली. पण ती फसली. १८३८ मध्ये त्यांनी अमेरिकेतील अलाबामा राज्यात काही महिने शिक्षकाचे काम केले. तेथील गुलामगिरीने व्यथित होऊन ते १८३९ साली मायदेशी परतले. ‘द कॅनेडियन नॅचरलिस्ट’ (१८४०) या ग्रंथाने त्यांच्या लेखनाचा आरंभ झाला. १८४४ ते १८४६ या काळात त्यांनी जमैका बेटावर पक्ष्यांचा व इतर जीवांचा अभ्यास केला. १८४८ साली त्यांचा विवाह कवयित्री व धार्मिक लेखिका एमिली बाउज यांच्याशी झाला. पुढे साहित्यिक म्हणून प्रसिद्धीस आलेले एडमंड गॉस हे त्यांचे एकुलते एक अपत्य होय.

डेव्हनचा किनारा आणि दगडी प्रवाळ

अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यामुळे गॉस १८५२ च्या प्रारंभी डेव्हनच्या किनाऱ्यावर राहण्यास गेले. सेंट मेरीचर्च आणि नंतर इल्फ्राकूम येथे ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांची पाहणी करणे हा त्यांचा नित्यक्रम झाला. या निरीक्षणांवर आधारलेला ‘अ नॅचरलिस्ट्स रॅम्बल्स ऑन द डेव्हनशायर कोस्ट’ हा ग्रंथ १८५३ साली प्रसिद्ध झाला.

इल्फ्राकूम येथे त्यांना दगडी प्रवाळांच्या दोन जाती प्रामुख्याने आढळल्या. एक ‘डेव्हनशायर कप कोरल’ या नावाने ओळखला जाणारा पेल्याच्या आकाराचा प्रवाळ (कॅरिओफिलिया) आणि दुसरा शेंदरी-सोनेरी रंगाचा बॅलनोफिलिया रेजिया. यांपैकी दुसऱ्या जातीचे शास्त्रीय वर्णन व नामकरण गॉस यांनीच केले. हे प्रवाळ उधाणाच्या ओहोटीलाच उघडे पडणाऱ्या कपारींत, सावलीच्या जागी, खडकाला घट्ट चिकटून वाढतात. प्रवाळाचा मऊ देह फाटू नये म्हणून तो ओढून न काढता छिन्नी-हातोडीने खडकाच्या तुकड्यासह सोडवावा लागे. असे प्रवाळ टाकीत ठेवून गॉस यांनी त्यांच्या आहाराचे निरीक्षण केले. एक सूक्ष्म कोळी गवताच्या काडीने प्रवाळाजवळ ढकलला असता प्रवाळाने तो मुखात ओढून घेतल्याची नोंद त्यांनी केली आहे. दगडासारखा दिसणारा हा जीव भक्ष्य ओळखतो आणि पचवितो, हे त्यांनी सामान्य वाचकाला पटवून दिले.

घरगुती सागरी मत्स्यालय

घरात सागरी जीव टिकविण्याचा प्रयत्न करणारे गॉस हे पहिले नव्हते. अ‍ॅना थिन यांनी १८४६ साली टॉर्की येथून दगडी प्रवाळ लंडनला नेले होते. पाणी चोहोबाजूंनी खेळते राहावे म्हणून त्यांनी हे प्रवाळ सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजला शिवून ठेवले. पाण्यात हवा मिसळावी यासाठी त्यांच्या घरी पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वारंवार ओतले जाई. पुढे त्यांनी जिवंत शेवाळ असलेले खडक आणून टाकीत ठेवले. थिन यांची ही निरीक्षणे १८५९ साली गॉस यांच्या टिपणांसह प्रसिद्ध झाली. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीही वनस्पती व प्राणी यांच्या परस्परपूरक श्वसनावर आधारलेली टाकी १८५० साली वर्णिली होती.

गॉस यांनी या तत्त्वाला व्यवहार्य रूप दिले. टाकीत प्रथम शेवाळ रुजू द्यावे, त्यानंतर मोजकेच प्राणी सोडावेत, मेलेला जीव तत्काळ बाहेर काढावा आणि प्रखर उन्हापासून टाकीचा बचाव करावा, असे त्यांच्या पद्धतीचे सार होते. लंडनच्या रीजंट्स पार्क येथील प्राणिसंग्रहालयात मे १८५३ मध्ये खुल्या झालेल्या मत्स्यगृहासाठी त्यांनी किनाऱ्यावरून जिवंत नमुने पुरविले. ‘द अ‍ॅक्वेरियम’ (१८५४) हा त्यांचा सचित्र ग्रंथ अतिशय लोकप्रिय झाला आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत सागरी टाक्यांची लाट आली.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्यांनी १८५४ साली कृत्रिम समुद्रजलाचे सूत्रही दिले. त्यात साधे मीठ, एप्सम क्षार, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड हे चार घटक होते. चुन्याचा क्षार त्यात स्वतंत्रपणे घातलेला नव्हता. दगडी प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने नंतरच्या मिश्रणांत कॅल्शियमला आवश्यक स्थान मिळाले.

उत्तरायुष्य

१८५६ साली गॉस रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली यांचे कर्करोगाने निधन झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘ऑम्फॅलोस’ या ग्रंथात, सृष्टी निर्माण होतानाच तिच्यावर प्राचीनतेच्या खुणा होत्या, असे प्रतिपादन करून त्यांनी भूशास्त्र आणि बायबल यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. धर्मनिष्ठांनी आणि शास्त्रज्ञांनी, दोघांनीही तो नाकारला. गॉस त्यानंतर सेंट मेरीचर्च येथे कायमचे स्थायिक झाले. तेथे त्यांनी ब्रिटनमधील समुद्रपुष्पे व प्रवाळ यांवरील ‘अ‍ॅक्टिनोलॉजिया ब्रिटानिका’ (१८५८–६०) हा ग्रंथ स्वतः काढलेल्या चित्रांसह पूर्ण केला. १८६० साली त्यांनी एलायझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरा विवाह केला. वृद्धापकाळी ते ऑर्किडची जोपासना व चक्रधर सूक्ष्मजीवांचा (रोटिफर) अभ्यास यांत रमले.

किनाऱ्याची हानी

गॉस यांची पुस्तके वाचून हौशी संग्राहक मोठ्या संख्येने डेव्हनच्या किनाऱ्यावर लोटले. ज्या डबक्यांचे वर्णन त्यांनी भक्तिभावाने केले होते, ती काही वर्षांतच ओस पडली. दगडी प्रवाळ हळू वाढतो आणि खडकासह खरवडून नेल्यास त्याची जागा सहजी भरून येत नाही. एडमंड गॉस यांनी ‘फादर अँड सन’ (१९०७) या आत्मकथनात या विध्वंसाची आणि त्याने वडिलांना झालेल्या दुःखाची नोंद केली आहे.

वारसा आणि महाराष्ट्रातील संदर्भ

गॉस यांनी सांभाळलेल्या कॅरिओफिलिया व बॅलनोफिलिया यांच्या ऊतींत सहजीवी एकपेशीय शैवाल नसते. त्यामुळे त्यांना सावली मानवते. मात्र अन्न भरवावे लागते. उष्ण कटिबंधातील भित्तिका बांधणारे बहुतेक प्रवाळ याउलट अशा शैवालाकडून अन्न मिळवितात व त्यांना पुरेसा प्रकाश लागतो. म्हणूनच आधुनिक टाकीत प्रवाळाची जागा ठरविताना त्याची जात, प्रकाशाची तीव्रता आणि पाण्याचा प्रवाह यांचा एकत्रित विचार करतात. प्रवाळ पांढरा पडणे हे बहुधा त्यातील शैवाल नष्ट होत असल्याचे लक्षण असते.

महाराष्ट्रात मालवण येथील सागरी अभयारण्याच्या (स्थापना १९८७) परिसरात दगडी प्रवाळ आढळतात. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही त्यांच्या छोट्या वसाहती आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० साली हाजी अली व वरळी येथील प्रवाळ राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या साहाय्याने अन्यत्र हलविण्यात आले. भारतात २००१ पासून दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यामुळे समुद्रातून ते तोडणे हा गुन्हा ठरतो, मग ते मालवणच्या खडकावरून काढलेले असोत वा कांदिवलीतील एखाद्या घरगुती टाकीसाठी आणलेले असोत. डेव्हनच्या किनाऱ्याला गॉस यांच्या हयातीत असे कोणतेही संरक्षण नव्हते.