न उडालेला गोळा

माझा धंदा कॉम्प्युटरचा, पण छंद जुन्या पितळेचा! इथल्या जुन्या बाजारात एकदा पितळेचं, आटे पाडलेलं एक बूच मिळालं. विकणाऱ्याला वाटलं नळाचं असावं. वर मात्र १८६२ साल ठोकलेलं. घरी येऊन पुस्तकं चाळली तेव्हा कळलं, हा तर अमेरिकन नौदलाच्या तोफगोळ्याचा फ्यूज! त्याचा माग काढता काढता गाठ पडली ॲडमिरल जॉन डालग्रेन यांच्याशी.

डालग्रेन यांचा जन्म १८०९ मध्ये फिलाडेल्फियात झाला. वडील स्वीडनचे कॉन्सल. जॉन १८२६ मध्ये नौदलात शिरले आणि १८४७ मध्ये वॉशिंग्टन नेव्ही यार्डात तोफांच्या कामावर आले. १८४९ मध्ये चाचणी चालू असताना एक तोफ फुटली आणि तोफची जागीच गेला. आपलीच तोफ आपल्याच माणसाला मारते, हे डालग्रेन यांच्या मनाला लागलं. दारूचा जोर मागच्या बाजूला सर्वांत जास्त, म्हणून तिथे धातू जाड आणि तोंडाकडे निमुळता, अशी तोफ त्यांनी आखली. दिसायला थेट सोड्याची बाटली! तिचे ९ आणि ११ इंची प्रकार खूप गाजले.

यातून पोकळ, दारू भरलेले गोळे उडत. फ्यूजमधली दारू ठरलेले सेकंद जळायची आणि मग गोळा फुटायचा. पण समुद्रात गोळा पाण्यावर टप्पे घेत जातो, मग वात विझणार नाही का? म्हणून फ्यूजच्या टोपीतली वाट वाकडीतिकडी करून तीत दारू भरलेली असे. आग आत जाई, पाणी नाही. वरचं शिशाचं झाकण गोळा भरताना काढायचं. माझ्या बुचाची ओळख पटली ती या टोपीवरूनच.

१८६१ मध्ये यार्डाचे प्रमुख ब्यूकॅनन दक्षिणेला जाऊन मिळाले आणि सूत्रं डालग्रेन यांच्याकडे आली. लिंकन त्यांच्याकडे वरचेवर येत. मार्च १८६२ मध्ये 'मॉनिटर'वर डालग्रेन यांच्याच दोन ११ इंची तोफा होत्या. तोफ फुटू नये म्हणून दारू १५ पौंडांवर नेऊ द्यायची नाही असा नियम होता. 'व्हर्जिनिया'चं चिलखत काही भेदलं गेलं नाही.

१८६३ मध्ये ते रिअर ॲडमिरल होऊन चार्ल्सटनच्या वेढ्यावर गेले. त्याच जुलैत मुलगा उलरिक लढाईत पाय गमावून बसला, आणि मार्च १८६४ मध्ये रिचमंडजवळ मारला गेला. वय अवघं २१. सेकंदासेकंदाचा हिशेब करणाऱ्या या बापाने मग मुलाचं चरित्र लिहिलं. ते छापून आलं १८७२ मध्ये; स्वतः डालग्रेन १८७० मध्येच गेले होते.

गोष्ट इथे संपत नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये व्हर्जिनियातल्या चेस्टर गावी एक अनुभवी संग्राहक यादवी युद्धातला ९ इंची नौदल गोळा साफ करताना स्फोटात दगावले. पाणी शिरू नये म्हणून केलेली करामत आतली दारू दीडशे वर्षंही कोरडी ठेवू शकते!

माझा फ्यूज सुटा आणि रिकामा आहे. गोळ्यात बसलेला फ्यूज दिसला तर मात्र मी हात लावणार नाही, पोलिसांना फोन करीन. लहानपणी दिवाळीत न उडालेल्या फटाक्याजवळ गेलो की आई पाठीत धपाटा घालायची. छंदाचा पहिला नियम तिनेच शिकवला होता, हे आत्ता कळतंय!