वाटा वाचणारा गणिती : प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी

पुण्याहून मुंबईस निघालेली आगगाडी मळवलीजवळ आली की उजव्या हातास कार्ल्याचा डोंगर येतो आणि डाव्या हातास भाजे. पुढे गाडी बोरघाट उतरते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक असताना कोसंबी राहत पुण्यात, आणि दख्खनच्या राणीने हा प्रवास करीत. इतरांना जो रोजचा कंटाळवाणा घाट, तो त्यांच्या दृष्टीने दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या व्यापारी तांड्यांचा मार्ग होता.

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे त्यांचा जन्म झाला. बुद्धधर्माच्या शोधार्थ घर सोडून नेपाळ व सिंहलद्वीपापर्यंत गेलेले पालिपंडित धर्मानंद हे त्यांचे वडील. तेव्हा भटकंतीचे बाळकडू घरातलेच. १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले. काशी, अलीगढ आणि पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांनी अध्यापन केले. १९४४ साली त्यांनी मांडलेले गुणसूत्रांवरील जनुकांच्या अंतराचे सूत्र आनुवंशशास्त्रात आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. नकाशाशी त्यांचा पहिला संबंध आला तो असा!

झिजलेल्या प्राचीन नाण्यांची वजने करता करता ती नाणी कोणाच्या हातून फिरली, हा प्रश्न त्यांना पडला आणि गणिती इतिहासाकडे वळला. उत्खननाची साधने जवळ नव्हती. सुट्टीचे दिवस, हातातली काठी आणि स्वतःचे पाय एवढेच भांडवल. पुण्याभोवतीच्या डोंगरउतारांवर त्यांना अश्मयुगीन माणसाच्या गारगोटीच्या चिमुकल्या पात्या सापडू लागल्या. त्याही बहुधा खोऱ्याच्या तळाशी नव्हे, तर उताराच्या एका विशिष्ट पट्ट्यात. लोखंडी नांगर येण्यापूर्वी खोरी दाट रानाने व चिखलाने भरलेली होती; कळप घेऊन फिरणारा माणूस मोकळ्या उतारानेच चाले. शेंदूर फासलेल्या, मूर्तीचा आकार नसलेल्या कित्येक देवी गावापासून दूर, ओसाड तिठ्यावर का बसल्या आहेत, याचेही उत्तर त्यांना तेथेच मिळाले. त्यांच्या मते वाटांची ती भेट गावाहून जुनी होती.

पुढे त्याच वाटांनी व्यापार आला आणि व्यापारामागून भिक्षू आले. कार्ले-भाजे बोरघाटाच्या वाटेवर, जुन्नरची लेणी नाणेघाटाच्या वाटेवर. ज्ञानोबांच्या पालखीच्या मार्गातही कोसंबींना तीच प्राचीन वाट दिसली. पात्या, देवी, लेणी आणि घाट एकाच नकाशावर मांडणे, ही त्यांची खरी पद्धत. ती मांडताना धनगरांना व गावकऱ्यांना विचारलेले प्रश्न त्यांना शिलालेखांइतकेच मोलाचे वाटत. कार्ल्याच्या शिलालेखांतील धेनुकाकट हे नगर नेमके कोठले, याविषयीचे त्यांचे मत सर्वांना पटले नाही. वाद अजून मिटलेला नाही. परंतु त्यांच्याशी वाद घालायचा तर डोंगर चढावाच लागतो.

रायपूरच्या वाचकास सह्याद्री दूरचा वाटेल. पण नागपूरकर भोसल्यांच्या अमलात मराठी माणसे छत्तीसगडात उतरली तीही वाटेनेच. आणि महानदीकाठच्या सिरपूरचे विहार तेथेच का, हा प्रश्न कोसंबींच्या रीतीने विचारण्याजोगा आहे.

१९६२ साली मुंबईची नोकरी संपली. त्याच वर्षी या भटकंतीचे फलित असलेला त्यांचा 'मिथ अँड रिअॅलिटी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी पालथ्या घातलेल्या पुण्याच्या कित्येक उतारांवर आता घरे उभी आहेत.